शेऱ्याच्या रकान्याचा इतिहास : डोमेन नेम सिस्टीममधील टेक्स्ट रेकॉर्ड (१९८७ ते २०२५)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील जमीन-अभिलेखांशी ज्याचा थोडासाही संबंध आला आहे त्याला सातबारा उताऱ्यावरील 'इतर अधिकार' हा रकाना ठाऊक असतो. भोगवटादाराचे नाव, भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार यांना उताऱ्यावर नेमून दिलेली जागा असते. ज्याला अशी जागा नाही ते सारे, म्हणजे सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, न्यायालयाचा मनाईहुकूम, या एका रकान्यात येऊन बसते. जमीन विकत घेणारा जाणता मनुष्य मालकाच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष या रकान्याकडे देतो.

इंटरनेटवरील नावांची जागतिक नोंदवही म्हणजे डोमेन नेम सिस्टीम, थोडक्यात डीएनएस. या नोंदवहीतही असाच एक मोकळा रकाना आहे. त्याचे नाव टेक्स्ट रेकॉर्ड. मराठीत त्याला 'मजकूर-नोंद' म्हणता येईल. तो १९८७ मध्ये किरकोळ वर्णनासाठी ठेवण्यात आला. आज एखाद्या विद्यापीठाचे पत्र खरोखर त्याच विद्यापीठाकडून आले आहे काय, एखादे संकेतस्थळ अमुक संस्थेच्याच ताब्यात आहे काय, या प्रश्नांची उत्तरे जगभरातील यंत्रणा याच रकान्यात शोधतात. शेऱ्यासाठी ठेवलेली जागा पुराव्याची जागा कशी झाली, हे कोणी ठरविले, आणि हे होऊ नये म्हणून जे प्रयत्न झाले ते का फसले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या इतिहासाची प्रमुख साधने म्हणजे 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' या नावाने १९६९ पासून निघणारी क्रमांकित टिपणे. त्यांना रूढ भाषेत आरएफसी म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांचा एक गुण विशेष मोलाचा वाटेल. एकदा प्रसिद्ध झालेले टिपण पुढे बदलले जात नाही. दुरुस्ती करावयाची तर नव्या क्रमांकाचे टिपण काढावे लागते आणि जुने जसेच्या तसे राहते. त्यामुळे कोणत्या वर्षी जाणकारांची समजूत काय होती हे मूळ शब्दांत तपासता येते. अशी सोय आपल्या अनेक शासकीय दप्तरांतही मिळत नाही.

फाइलपासून नामप्रणालीपर्यंत :

आर्पानेट या अमेरिकी जाळ्यातील संगणकांची नावे व पत्ते आरंभी एका साध्या फाइलीत ठेवले जात. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली ही फाइल सांभाळली जाई आणि इतर केंद्रे तिची प्रत उतरवून घेत. फाइलीचे नाव 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' असे होते. पुढे ज्या नोंदीची कथा सांगावयाची आहे तिच्या नावातही तीच तीन अक्षरे यावीत, हा योगायोगच म्हणावयाचा.

संगणकांची संख्या वाढली तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. एका कार्यालयाने सर्वांची नावे लिहावीत आणि सर्वांनी पुन्हापुन्हा संपूर्ण यादी उतरवून घ्यावी, हे फार काळ चालणारे नव्हते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ ही दोन टिपणे काढून नवी रचना मांडली. नावांचा एक वृक्ष कल्पिला; त्याच्या प्रत्येक फांदीचा अधिकार त्या त्या संस्थेकडे सोपविला. आपल्या फांदीखालची नोंदवही ज्याने त्याने लिहावी, आणि विचारणाऱ्याला त्या वहीपर्यंतची वाट वरच्या फांद्यांनी दाखवावी, असे तिचे स्वरूप होते. प्रत्येक नोंदीला नाव, वर्ग, प्रकार, ती किती काळ ग्राह्य धरावी याची मुदत आणि प्रत्यक्ष आशय असे भाग असतात. यांपैकी 'प्रकार' हा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पत्त्याच्या नोंदीचा प्रकार वेगळा, टपाल कोठे पोहोचवावे हे सांगणाऱ्या नोंदीचा वेगळा. प्रकार कळला की आशय कसा वाचावा हेही कळते.

१९८३ च्या यादीत मजकूर-नोंद नव्हती. ती आली नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्ये, प्रकार क्रमांक १६ म्हणून. तिला या टिपणात मिळालेली जागा अवघ्या काही ओळींची आहे. तिच्यात वर्णनात्मक मजकूर ठेवावा, आणि त्या मजकुराचा अर्थ तो ज्या डोमेनमध्ये सापडेल त्यावर अवलंबून राहील, एवढाच त्याचा भावार्थ. पत्त्याच्या नोंदीचा अर्थ जगात सर्वत्र एकच असतो. मजकूर-नोंदीचा अर्थ मात्र रचनाकारांनी मुद्दाम मोकळा सोडला. पुढील साडेतीन दशकांतील बहुतेक घडामोडींचे मूळ या एका निर्णयात आहे.

तांत्रिक बांधणीही येथेच सांगितली पाहिजे, कारण तिचे परिणाम पुढे दिसतील. मजकूर-नोंदीत एक किंवा अनेक मजकूर-तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्याची लांबी सांगणारा एक ऑक्टेट, म्हणजे आठ बिटांचा गट, असतो. एका ऑक्टेटमध्ये २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही; म्हणून एका तुकड्यात २५५ ऑक्टेटांपेक्षा अधिक मजकूर मावत नाही. अनेक तुकडे असल्यास ते एकमेकांना कसे जोडावेत याविषयी आरएफसी १०३५ काही सांगत नाही. शिवाय त्या काळी उत्तराचे संपूर्ण पुडके साध्या मार्गाने पाठवावयाचे तर ५१२ ऑक्टेटांची मर्यादा होती. थोडक्यात, हा रकाना मोकळा होता, पण अरुंद होता.

पहिले रहिवासी :

मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेना या उपक्रमात विद्यार्थ्याने परिसरातील कोणत्याही संगणकासमोर बसावे आणि त्याला आपले खाते, फाइली, टपालपेटी व छपाईयंत्र मिळावे, अशी योजना होती. ही माहिती पुरविण्यासाठी 'हेसिअड' नावाची सेवा उभारण्यात आली. प्राचीन ग्रीक कवीचे हे नाव. या सेवेने डीएनएसचीच यंत्रणा उचलली, स्वतःसाठी एक स्वतंत्र वर्ग घेतला आणि माहिती मजकुराच्या रूपात ठेवली. नामप्रणाली ही नावावरून पत्ता शोधण्यापुरती नसून नावावरून काहीही शोधता येईल अशी सर्वसाधारण नोंदवही आहे, ही कल्पना येथे प्रथम ठोसपणे वापरात आली.

मे १९९३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रिच रोझेनबॉम यांनी आरएफसी १४६४ काढले. मजकूर-नोंदीत आधी गुणाचे नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग त्याचे मूल्य असे लिहावे, म्हणजे नव्या माहितीसाठी नवा प्रकार मागावा लागणार नाही, अशी त्यांची सूचना होती. हे टिपण प्रायोगिक म्हणूनच राहिले. त्यातील नेमकी पद्धत जशीच्या तशी रूढ झाली असे म्हणता येत नाही. परंतु बरोबरचे चिन्ह मात्र टिकले. आजच्या बहुतेक मजकूर-नोंदी त्याच वळणाने लिहिलेल्या दिसतात.

आणखी एक वापर लक्षात घेण्याजोगा आहे. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाहूत टपाल पाठविणाऱ्या पत्त्यांची एक काळी यादी चालविली. ती पुढे डीएनएसमधून उपलब्ध झाली आणि तिच्या धर्तीवर इतर अनेक याद्या निघाल्या. टपाल स्वीकारणाऱ्या यंत्राने पाठविणाऱ्याच्या पत्त्याचे आकडे उलट क्रमाने लावून त्या यादीला विचारावे. नाव काळ्या यादीत असेल तर एक ठरावीक पत्ता उत्तरादाखल येई आणि त्याच नावाच्या मजकूर-नोंदीत नाकारण्याचे कारण मिळे. येथे मजकूर-नोंद अजून आपल्या मूळ स्वभावाला धरून होती. निकाल दुसऱ्या नोंदीत, आणि माणसाने वाचावयाचा शेरा हिच्यात. पुढच्याच टप्प्यात हा क्रम उलटला.

टपालाचा प्रश्न :

इंटरनेटवरील टपालाचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ द्वारे घालून दिले. त्या नियमांत पाठविणाऱ्याने आपला पत्ता सांगावयाचा असतो. तो खरा आहे की नाही हे तपासण्याची कोणतीही तरतूद त्यांत नव्हती. ज्या जाळ्यातील माणसे एकमेकांना ओळखत होती तेथे ही उणीव जाणवली नाही. आपल्याकडेही पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, आणि टपाल खाते त्याची शहानिशा करीत नाही. फरक इतकाच, की पोस्टकार्डाला पैसे पडतात आणि एका दिवसात लाखो पोस्टकार्डे टाकणे कोणाला परवडत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या उणिवेची किंमत दिसू लागली. ऑगस्ट २००३ मधील 'सोबिग एफ' या कृमीने ती सर्वांच्या ध्यानी आणून दिली. लागण झालेल्या संगणकावर जे जे टपालपत्ते सापडत त्यांतील एखादा प्रेषक म्हणून लावून तो स्वतःच्या प्रती पाठवीत असे. ज्याने काहीही पाठविले नाही अशा माणसाच्या पेटीत परतलेल्या टपालाचे ढीग येऊन पडत. खोटा प्रेषक ओळखावयाचा कसा, हा प्रश्न तातडीचा झाला.

उत्तराची दिशा अनेकांना एकाच सुमारास सुचली. ज्या डोमेनच्या नावाने टपाल आले त्या डोमेनच्या मालकानेच जाहीर करावे, की आमचे टपाल अमुक यंत्रांतूनच निघते. पॉल व्हिक्सी यांनी २००२ मध्ये असा एक मसुदा लिहिला होता. हॅडमुट डॅनिश व गॉर्डन फेसिक यांचेही प्रस्ताव होते. २००३ मध्ये मेंग वेंग वोंग यांनी या प्रस्तावांतील धागे एकत्र करून 'सेंडर पर्मिटेड फ्रॉम' ही योजना मांडली. पुढच्याच वर्षी तिचे नाव 'सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क' झाले. आद्याक्षरे एसपीएफ हीच राहिली.

या जाहीरनाम्याला जागा कोणती द्यावयाची? शास्त्रशुद्ध मार्ग हा की नवा प्रकार मागावा, त्याला क्रमांक मिळवावा, आणि त्या प्रकाराची नोंद जगभरातील सर्व्हरांना कळू लागेपर्यंत थांबावे. परंतु तोवर कित्येक सर्व्हर-प्रणालींना अपरिचित प्रकाराची नोंद ठेवता येत नसे, डोमेन विकणाऱ्या कंपन्यांच्या पानांवर चार-सहा प्रकारांखेरीज पर्याय नसत, आणि अनेक सुरक्षा-भिंती अनोळखी उत्तरे अडवीत. अपरिचित प्रकार कसे हाताळावेत याचा नियमच मुळी सप्टेंबर २००३ च्या आरएफसी ३५९७ ने घातला. मजकूर-नोंद मात्र सर्वत्र होती. वोंग यांनी ती वापरली. आपल्या मजकुराच्या आरंभी आवृत्तीची खूण घातली, म्हणजे यंत्राला इतर शेऱ्यांतून हा शेरा निवडता यावा. जानेवारी २००४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या त्या वेळच्या बलाढ्य सेवेने अशी नोंद चाचणीदाखल प्रसिद्ध केली, आणि योजना वादापलीकडे गेली नसली तरी वापरात आली.

येथे अभ्यासकाने क्षणभर थांबावे. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण उत्तम रचना जिंकते असे सहज गृहीत धरतो. या प्रकरणात जिंकली ती उपलब्ध रचना.

२००४ चा उन्हाळा आणि प्रकार क्रमांक ९९ :

मायक्रोसॉफ्टने २००४ च्या आरंभी 'कॉलर आयडी फॉर ईमेल' ही स्वतःची योजना जाहीर केली होती. तिचीही माहिती मजकूर-नोंदीतच राहावयाची, मात्र एक्सएमएलच्या बोजड वळणात. दोन्ही योजनांचा मेळ घालून 'सेंडर आयडी' असा संयुक्त प्रस्ताव निघाला आणि इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ, या मानक-संस्थेने त्यासाठी मार्च २००४ मध्ये 'मॅरिड' नावाचा कार्यगट नेमला. गट सहा महिनेच टिकला. मायक्रोसॉफ्टने आपल्या पेटंट-अर्जांच्या संदर्भात ज्या परवान्याची अट घातली ती मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वांशी विसंगत आहे असे सांगून अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन व डेबियन यांनी सप्टेंबर २००४ मध्ये प्रस्ताव नाकारला. त्याच महिन्यात कार्यगट विसर्जित झाला. एप्रिल २००६ मध्ये दोन्ही योजना स्वतंत्रपणे, 'प्रायोगिक' या शिक्क्यानिशी प्रसिद्ध झाल्या. एसपीएफला आरएफसी ४४०८ हा क्रमांक मिळाला.

या टिपणात तडजोडीचा एक नमुना आहे. मजकूर-नोंदीवर असे ओझे टाकणे योग्य नव्हे असे नामप्रणालीच्या जाणकारांचे मत होते. त्यांच्या समाधानासाठी एसपीएफला स्वतःचा प्रकार देण्यात आला, क्रमांक ९९. आशय दोन्हीकडे एकच. डोमेनच्या मालकाने शक्यतो दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवाव्यात, पण कोणतीही एक ठेवली तरी नियमभंग नाही, अशी सवलत दिली. तपासणाऱ्यालाही कोणताही एक प्रकार पाहण्याची मुभा होती. त्यामुळे एखाद्याने फक्त ९९ ची नोंद ठेवावी, तपासणाऱ्याने फक्त १६ ची पाहावी, दोघेही नियमाने वागावेत, आणि तरीही दोघांची गाठ पडू नये, अशी परिस्थिती नियमातच निर्माण झाली. व्यवहारी माणसांनी यावर सोपा मार्ग काढला. सर्वांनी १६ चीच नोंद ठेवली.

जुलै २०१२ मध्ये मरे कुचेरावी यांनी आरएफसी ६६८६ द्वारे या प्रयोगाचा आढावा घेतला. प्रकार ९९ चा वापर अत्यल्प असल्याचे त्यात पाहणीनिशी दाखविले आहे. एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७२०८ ने एसपीएफला प्रायोगिक अवस्थेतून मानकाच्या वाटेवर आणले आणि प्रकार ९९ बंद करून केवळ मजकूर-नोंद ग्राह्य ठरविली. दरम्यान एप्रिल २००९ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने आरएफसी ५५०७ काढून, नव्या गरजेसाठी नवा प्रकार घेणेच श्रेयस्कर, मजकूर-नोंदीचा आधार टाळावा, असा सविस्तर सल्ला दिला होता. सल्ला तर्काला धरून होता. मजकूर-नोंदीला स्वतःची अंतर्गत विभागणी नाही. एका नावाखाली जितक्या मजकूर-नोंदी असतील तितक्या सर्व एकदम उत्तरात येतात, आणि विचारणाऱ्याला हवी ती त्यांतून निवडावी लागते. तरीही सल्ला मानला गेला नाही. आरएफसी ३५९७ ने अडथळा शास्त्रतः दूर केला असला, तरी डोमेन-विक्रेत्याच्या पानावरील यादीत जो प्रकार नाही तो सामान्य संस्थेच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. मानक कोणते टिकणार हे मानक-संस्थेइतकेच त्या पानाच्या रचनाकाराने ठरविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

किल्ली आणि धोरण :

एसपीएफची एक मर्यादा आरंभापासून उघड होती. एका पत्त्यावर आलेले टपाल आपोआप दुसऱ्या पत्त्याकडे वळविले की ते तिसऱ्याच यंत्रातून निघते, आणि खरे टपालही खोटे ठरते. यावर स्वाक्षरीचा मार्ग निघाला. याहूमधील मार्क डिलेनी यांची 'डोमेनकीज' आणि सिस्को कंपनीची तशीच एक योजना यांच्या संयोगातून 'डीकेआयएम' तयार झाले. मे २००७ चे आरएफसी ४८७१ आणि सप्टेंबर २०११ चे आरएफसी ६३७६ हे त्याचे प्रमुख टप्पे होत. टपाल पाठविणारे यंत्र आपल्या खासगी किल्लीने पत्रावर स्वाक्षरी करते. स्वाक्षरी पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या नोंदवहीत, मजकूर-नोंदीतच ठेवलेली असते.

येथे १९८७ ची ती २५५ ऑक्टेटांची मर्यादा पुन्हा पुढे येते. १०२४ बिटांची आरएसए किल्ली मजकुरात उतरविली तर ती २१६ अक्षरांची होते. एका तुकड्यात मावते. २०४८ बिटांच्या किल्लीला ३९२ अक्षरे लागतात. ती मावत नाही, तिचे दोन तुकडे करावे लागतात. तुकडे जोडताना मध्ये रिकामी जागा धरू नये असे एसपीएफच्या टिपणात स्पष्ट सांगितले आहे, आणि किल्लीच्या बाबतीतही तीच रीत आहे. एसपीएफच्या नोंदीचे तुकडे करताना पहिल्याच्या शेवटी रिकामी जागा ठेवावयाची राहिली, तर दोन शब्द एकमेकांना चिकटतात आणि नोंद निकामी होते. जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३०१ ने १०२४ बिटांहून लहान किल्ल्या बाद ठरवून २०४८ बिटांची शिफारस केली. म्हणजे तुकडे करणे हा आता अपवाद उरला नाही.

एसपीएफ व डीकेआयएम दोन्ही असूनही एक प्रश्न उरत होता. तपासणीत पत्र नापास झाले तर त्याचे करावयाचे काय? पेपॅल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू आदी कंपन्यांनी जानेवारी २०१२ मध्ये 'डीमार्क' ही योजना जाहीर केली. मार्च २०१५ मध्ये ती आरएफसी ७४८९ म्हणून प्रसिद्ध झाली, तीही मानक म्हणून नव्हे, केवळ माहितीपर. डोमेनचा मालक एका मजकूर-नोंदीत धोरण लिहितो. नापास पत्रावर काही करू नका, ते संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा नाकारा, या तिहींपैकी एक. आणि तपासणीचे अहवाल कोणत्या पत्त्यावर पाठवावेत तेही सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'नाकारा' हे धोरण लावले तेव्हा जगभरातील टपाल-याद्यांमध्ये मोठा गोंधळ उडाला. यादीमार्फत गेलेले याहू-सदस्यांचे पत्र इतर सदस्यांकडे नाकारले जाऊ लागले. एका कंपनीने आपल्या नोंदवहीतील एक शब्द बदलला होता, एवढेच.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने टपाल पाठविणाऱ्यांना या तिन्ही नोंदी अनिवार्य केल्या. जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० पत्रे ही त्याची सीमा होय. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आपल्या वैयक्तिक टपालसेवेसाठी तसाच दंडक लावला. आपल्याकडील महाविद्यालयांच्या कार्यालयांतून 'आम्ही पत्र पाठविले होते, तुमच्यापर्यंत पोहोचले नाही' हे वाक्य अलीकडे वारंवार ऐकू येते. त्यामागे पुष्कळदा अशी एखादी न लिहिलेली अथवा चुकीची लिहिलेली ओळ असते. ती लिहिण्याचे काम कोणाचे, प्राचार्यांचे, संगणक विभागाचे की संकेतस्थळ बनवून देणाऱ्या कंत्राटदाराचे, याचा निर्णय बहुतेक संस्थांनी केलेला नसतो.

ताब्याचा पुरावा, आणि गैरवापर :

मजकूर-नोंदीचा दुसरा मोठा उपयोग टपालाशी संबंधित नाही. ज्याला डोमेनच्या नोंदवहीत लिहिता येते तोच त्या डोमेनचा धनी, या तर्काने अनेक सेवा ग्राहकास एक खूण देतात आणि ती मजकूर-नोंदीत लिहावयास सांगतात. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली संस्था विनामूल्य सुरक्षा-प्रमाणपत्रे देते. तिची पद्धत मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ म्हणून प्रसिद्ध झाली. एका डोमेनखालील सर्व नावांना लागू पडणारे प्रमाणपत्र हवे असल्यास तेथे मजकूर-नोंदीतील खूण हाच पुरावा चालतो. अशा खुणा मुख्य नावाखाली न लिहिता अधोरेखेने सुरू होणाऱ्या उपनावाखाली लिहिण्याची रीत पडली, कारण यंत्रांच्या नावात अधोरेख चालत नाही आणि घोटाळा टळतो. या उपनावांची रीतसर नोंदवही मार्च २०१९ च्या आरएफसी ८५५२ ने सुरू केली. विभागणी नसलेल्या रकान्यात लोकांनी आपल्या आपण ओढलेल्या रेघाच या.

जेथे काहीही लिहिता येते तेथे वाईटही लिहिता येते. २०११ मधील 'मोर्टो' हा कृमी आणि २०१७ मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने उघडकीस आणलेले 'डीएनएस मेसेंजर' हे दोन्ही हल्लेखोरांचे हुकूम मजकूर-नोंदींतून मिळवीत. नावाचे प्रश्नोत्तर कोणतीही कचेरी अडवीत नाही, हे त्यांचे भांडवल. २०१४ मध्ये अकामाई कंपनीने एक विलक्षण प्रकार नोंदविला. लहानशा प्रश्नाला प्रचंड उत्तर यावे आणि ते उत्तर सावजाच्या अंगावर कोसळावे, यासाठी हल्लेखोरांनी मजकूर-नोंदी ठासून भरल्या होत्या, आणि भरावयास मजकूर हवा म्हणून व्हाइट हाउसच्या प्रसिद्धिपत्रकांतील उतारे वापरले होते.

देवनागरी शेरा :

भारतातील उच्चस्तरीय डोमेन 'डॉट इन' १९८९ मध्ये अस्तित्वात आले, आणि त्याची नोंदणी आरंभी मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. २००५ मध्ये ते काम निक्सीकडे गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले. हिंदीबरोबर मराठी व कोकणीसह आठ भाषांना ते उपलब्ध झाले. मात्र नावातील देवनागरी अक्षरे नामप्रणालीत जशीच्या तशी जात नाहीत. त्यांचे रोमन अक्षरांतील सांकेतिक रूप करावे लागते.

मजकूर-नोंदीवर तसे बंधन नाही. तिच्यात ऑक्टेट मावतात. ते कोणत्या लिपीचे याची तिला पर्वा नाही. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन ऑक्टेट लागतात. तेव्हा २५५ ऑक्टेटांच्या एका तुकड्यात ८५ चिन्हे बसतात. आणि 'क्षि' हे एकच अक्षर क, हलन्त, ष व वेलांटी मिळून चार चिन्हांचे, म्हणजे १२ ऑक्टेटांचे होते. असा मराठी शेरा नोंदवहीत खुशाल लिहिता येतो. वाचण्यासाठी प्रचारात असलेली 'डिग' ही आज्ञा वापरली तर 'म' या अक्षराऐवजी २२४, १६४, १७४ असे तीन आकडे तिरप्या रेघांनिशी समोर येतात. नोंदवही मराठीला नाकारीत नाही. वाचणारे साधन मात्र तिला ओळखत नाही.

साधन म्हणून मजकूर-नोंद :

कोणत्याही संस्थेच्या मजकूर-नोंदी कोणासही विचारता येतात. परवानगी लागत नाही, संकेतशब्द लागत नाही. मुख्य नावाखाली साचलेल्या खुणांवरून ती संस्था कोणाची टपालसेवा वापरते, कोणत्या परदेशी कंपनीकडे तिची दप्तरे आहेत, पूर्वी कोणत्या सेवेशी तिचा व्यवहार होता, हे वाचता येते. काम संपल्यावर खूण पुसावी असे कोणाला सुचत नाही, आणि त्यामुळे जुने करार तेथे वर्षानुवर्षे दिसत राहतात. चिनी कागदाच्या नळकांड्यांतून राज्यव्यवहार शोधणाऱ्या संशोधकाला हे साधन ओळखीचे वाटावे.

परंतु पुसलेली नोंद मात्र पुसलेलीच. सातबाऱ्यावरील नाव बदलते तेव्हा गाव नमुना सहामध्ये फेरफार उतरतो. कोणी, कधी, कशाच्या आधारे बदलले ते मागाहून पाहता येते. डीएनएसला गाव नमुना सहा नाही. नोंदवहीच्या आरंभी एक अनुक्रमांक असतो; तो वाढला की काहीतरी बदलले एवढेच समजते. सुरक्षा-प्रमाणपत्रांसाठी २०१३ च्या आरएफसी ६९६२ ने सार्वजनिक, न पुसता येणाऱ्या वह्यांची पद्धत घालून दिली. मजकूर-नोंदींसाठी तशी वही नाही. फ्लोरियन वायमर यांनी २००५ मध्ये, जाळ्यातून जाणारी उत्तरे टिपून साठविण्याची एक पद्धत मांडली आणि तिच्या आधारे आज मोठे संग्रह उभे आहेत. ते प्रामुख्याने सुरक्षा-व्यवसायातील कंपन्यांकडे असून बहुधा शुल्क भरूनच पाहता येतात. शिवाय त्यांत उतरते ते कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. ज्या नोंदीबद्दल त्या काळात कोणी विचारलेच नाही, ती त्या संग्रहात नसते.